सीमानाक्यांवरचे युद्ध : स्लोव्हेनिया, १९९१

२७ जून १९९१ रोजी सकाळी, युगोस्लाव्हियातून स्वतंत्र झाल्याचे दोनच दिवसांपूर्वी जाहीर केलेल्या स्लोव्हेनियाचे पंतप्रधान लोय्झे पेतेर्ले यांना युगोस्लाव्ह लोकसेनेच्या, म्हणजे संघराज्याच्या लष्कराच्या, झाग्रेब येथील पाचव्या लष्करी विभागाकडून लेखी संदेश आला. प्रजासत्ताकातील सर्व सीमानाके लष्कर ताब्यात घेत आहे, विरोध झाला तर तो मोडून काढला जाईल आणि पुढे जे घडेल त्याची जबाबदारी विरोधाचा हुकूम देणाऱ्यांवर राहील, असा त्याचा आशय होता. हा विभाग ज्यांच्या हाताखाली होता ते जनरल कोनराद कोल्शेक स्वतः स्लोव्हेन होते. संघराज्याच्या संरक्षण खात्यात मंत्र्यांच्या खालोखाल असलेले अ‍ॅडमिरल स्ताने ब्रोवेत हेही स्लोव्हेनच. त्याच दिवशी ल्युब्ल्याना शहरावर लष्कराचे एक हेलिकॉप्टर पाडले गेले. त्यात मरण पावलेला वैमानिक स्लोव्हेन होता, त्याच्यासोबतचा तंत्रज्ञ मॅसिडोनियन होता आणि हेलिकॉप्टरमध्ये शस्त्रे नव्हती, पाव होते.

एका वांशिक गटाने दुसऱ्यावर केलेली चढाई, अशा सोप्या चौकटीत हे प्रकरण बसत नाही, हे एवढ्यावरूनच दिसते. दहा दिवसांचे युद्ध या नावाने ओळखला जाणारा हा संघर्ष २७ जून ते ७ जुलै १९९१ या काळात झाला. लोकसेनेचे चाळिसांहून थोडे अधिक सैनिक, स्लोव्हेनियाच्या बाजूचे अठरा-एकोणीस जण आणि बारा परदेशी नागरिक त्यात मेले. त्यानंतर क्रोएशियात आणि बोस्नियात जे घडले त्याच्या शेजारी हे आकडे ठेवले की स्वाभाविक प्रश्न पडतो, तो असा की हे युद्ध इतके आखूड का राहिले. स्लोव्हेनांचे शौर्य आणि त्यांची तयारी हे नेहमीचे उत्तर आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. समोरच्या बाजूला एकच इच्छा नव्हती, हे माझ्या मते अधिक महत्त्वाचे कारण आहे. संघराज्याच्या सरकारला सीमाशुल्क हवे होते, लष्कराला अखंड देश हवा होता आणि सर्बियाच्या नेतृत्वाला स्लोव्हेनिया नकोच होता.

संघराज्याची घडण

युगोस्लाव्हियात स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोविना, सर्बिया, माँटेनेग्रो आणि मॅसिडोनिया अशी सहा प्रजासत्ताके होती, शिवाय सर्बियाच्या अंतर्गत कोसोव्हो आणि व्होय्वोदिना हे दोन स्वायत्त प्रांत होते. १९७४ च्या राज्यघटनेने बहुतेक सत्ता प्रजासत्ताकांकडे सोपवली आणि मध्यवर्ती पातळीवर आठ सदस्यांचे अध्यक्षमंडळ ठेवले, ज्याचे प्रमुखपद दरवर्षी आळीपाळीने फिरत असे. घटनेच्या प्रास्ताविकात राष्ट्रसमूहांच्या स्वयंनिर्णयाचा, अगदी फुटून निघण्याच्या हक्कासह, उल्लेख होता. भारतीय घटनेत घटक राज्याला बाहेर पडण्याची वाट ठेवलेलीच नाही, त्यामुळे आपल्याला ही तरतूद चमत्कारिक वाटते. तिथे तो हक्क मान्य होता, पण तो कोणत्या मार्गाने बजावायचा हे कुठल्याही कलमात सांगितलेले नव्हते. ही संदिग्धता देशाचे सर्वेसर्वा टिटो हयात असेपर्यंत कोणाला बोचली नाही. ४ मे १९८० रोजी ल्युब्ल्यानाच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले आणि पुढची दहा वर्षे देश परकीय कर्ज, चलनवाढ आणि परस्परांवरील संशय यांत रुतत गेला.

स्लोव्हेनियात देशाची जेमतेम आठ टक्के लोकसंख्या होती, पण निर्यातीतला त्याचा वाटा सुमारे चतुर्थांश होता. आपला पैसा बेलग्रेडमार्गे दक्षिणेकडे वाहतो, ही तक्रार तिथे जुनीच होती. ऐंशीच्या दशकात तिला राजकीय धार आली. १९८८ मध्ये 'म्लादिना' या साप्ताहिकाशी संबंधित तिघांवर आणि लष्करातील एका स्लोव्हेन अधिकाऱ्यावर लष्करी गुपिते फोडल्याचा खटला चालला. हा खटला ल्युब्ल्यानामध्ये, स्लोव्हेनांच्या राजधानीत, सर्बो-क्रोएशियन भाषेतून चालवला गेला आणि त्याने जितकी माणसे रस्त्यावर आणली तितकी कोणत्याही अर्थशास्त्रीय युक्तिवादाने आणली नसती. आरोपींपैकी यानेझ यान्शा दोन वर्षांनी स्लोव्हेनियाचे संरक्षणमंत्री झाले आणि त्यांच्या बचावासाठी स्थापन झालेल्या समितीचे प्रमुख इगोर बाव्चार गृहमंत्री झाले. युद्धाचे नियोजन याच दोघांनी केले. लष्कराने त्या खटल्यातून आपले सर्वांत जिद्दी विरोधक स्वतःच घडवले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

दुसऱ्या टोकाला सर्बियाचे नेते स्लोबोदान मिलोशेविच यांनी १९८९ च्या मार्चमध्ये कोसोव्होची स्वायत्तता जवळजवळ संपवली. अध्यक्षमंडळातील आठपैकी चार मते आता त्यांच्या बाजूची होती. जानेवारी १९९० मध्ये युगोस्लाव्ह कम्युनिस्ट संघाच्या बेलग्रेड येथील अधिवेशनात स्लोव्हेनांचा एकेक ठराव फेटाळला गेला आणि त्यांचे शिष्टमंडळ सभागृह सोडून गेले. एप्रिलमध्ये स्लोव्हेनियात बहुपक्षीय निवडणूक झाली. विरोधी पक्षांची 'देमोस' आघाडी जिंकली, पेतेर्ले सरकारप्रमुख झाले आणि कम्युनिस्टांचे जुने नेते मिलान कुचान थेट मतदानाने प्रजासत्ताकाच्या अध्यक्षपदी आले. वर्षाच्या अखेरीस सर्बियाने मध्यवर्ती बँकेला डावलून सुमारे १८ अब्ज दिनारांचा पैसा स्वतःसाठी उभा केल्याचे उघड झाले. बेलग्रेडशी वाटाघाटी करून नवा करार होईल असे मानणारे जे थोडे लोक ल्युब्ल्यानामध्ये उरले होते, त्यांचाही धीर त्यानंतर सुटला.

तयारीचे तेरा महिने

१९६८ साली सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्यावर युगोस्लाव्हियाने लोकसेनेच्या जोडीला प्रत्येक प्रजासत्ताकात प्रादेशिक संरक्षण दल उभारले. गावोगावचे राखीव सैनिक आणि स्थानिक शस्त्रागारे असे त्याचे स्वरूप होते, आणि परकीय आक्रमण झाले तर त्यांनी गनिमी पद्धतीने लढावे ही कल्पना होती. मॉस्कोच्या भीतीने उभी केलेली ही यंत्रणा तेवीस वर्षांनी बेलग्रेडच्याच रणगाड्यांसमोर उभी राहिली.

लष्कराला हा धोका दिसत होता. मे १९९० मध्ये, स्लोव्हेनियात नवे सरकार स्थिरावत असतानाच, प्रादेशिक दलाची शस्त्रे लोकसेनेच्या कोठारांत जमा करण्याचा हुकूम निघाला. ल्युब्ल्यानाला त्याचा पत्ता लागून तो थांबवण्याच्या सूचना जाईपर्यंत सुमारे सत्तर टक्के शस्त्रे गेली होती. काही नगरपालिकांनी मात्र किल्ल्या देण्यास साफ नकार दिला. उरलेल्या तीस टक्क्यांवर आणि पोलिसांच्या शस्त्रांवर त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून एक समांतर, गुप्त रचना उभी राहिली. जुन्या कायद्यातल्या 'राष्ट्रीय संरक्षण' या निरुपद्रवी कलमाचा आडोसा तिला होता आणि तोने क्र्कोविच तिचे प्रमुख होते. परदेशातून रणगाडाविरोधी शस्त्रे चोरून आणली गेली. डिसेंबरमध्ये कोचेव्हस्का रेका येथे पहिली तुकडी उघडपणे उभी करण्यात आली.

त्याच महिन्यात, २३ डिसेंबर १९९० रोजी, सार्वमत झाले. स्लोव्हेनिया सार्वभौम आणि स्वतंत्र राज्य व्हावे का, एवढाच प्रश्न मतपत्रिकेवर होता. ९३ टक्क्यांहून अधिक मतदान झाले आणि एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी ८८.५ टक्क्यांनी होकार दिला. झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर सर्व मतदारांच्या निम्म्याहून अधिक होकार हवा, ही अट सरकारने स्वतःच घालून घेतली होती. पुढे परदेशी मुत्सद्द्यांसमोर या आकड्याने मोठे काम केले. निकालाची अंमलबजावणी सहा महिन्यांत करायची होती. म्हणजे जून १९९१ ही मुदत सर्वांना ठाऊक होती आणि तरीही बेलग्रेडने त्या सहा महिन्यांत ना तडजोडीचा ठोस प्रस्ताव दिला, ना लष्करी योजना नीट आखली.

१९९१ च्या वसंतात स्लोव्हेनियाने आपली मुले लोकसेनेत भरतीसाठी पाठवणे थांबवले आणि इग व पेक्रे येथे स्वतःची प्रशिक्षण केंद्रे उघडली. २३ मे रोजी मारिबोरजवळच्या पेक्रे केंद्राला लष्कराने वेढा घातला. दुसऱ्या दिवशी निदर्शनांत लष्करी वाहनाखाली सापडून एका नागरिकाचा मृत्यू झाला. संघर्ष कोणत्या स्वरूपाचा असेल याची चुणूक तेव्हाच मिळाली होती. सशस्त्र वाहनांना रस्त्यात अडवायचे, नागरिक गोळा करायचे आणि कॅमेरे बोलावायचे, अशी ती पद्धत होती.

नाक्यावरची पाटी

२५ जूनला स्लोव्हेनियाच्या विधानसभेने स्वातंत्र्याचा मूलभूत घटनात्मक जाहीरनामा संमत केला. क्रोएशियानेही त्याच दिवशी घोषणा केली. सर्वांना अपेक्षा २६ तारखेची होती. हा एक दिवस महत्त्वाचा ठरला, कारण त्या संध्याकाळीच स्लोव्हेन पोलीस आणि सीमाशुल्क अधिकारी इटली, ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या हद्दीवरील नाक्यांवर जाऊन बसले. युगोस्लाव्हियाच्या पाट्या उतरवून त्यांनी 'रेपुब्लिका स्लोव्हेनिया' अशा पाट्या लावल्या. क्रोएशियाच्या हद्दीवर, जिथे आजवर नाका नव्हताच, तिथे नवे नाके उभे राहिले. दुसऱ्या दिवशी रात्री ल्युब्ल्यानाच्या प्रजासत्ताक चौकात नवा झेंडा चढवला गेला. आज रात्री स्वप्ने पाहण्याची मुभा आहे, उद्याचा दिवस नवा असेल, असे कुचान त्या सभेत म्हणाले. लष्करी विमाने त्याआधीच शहरावरून घिरट्या घालून गेली होती.

पाटी बदलणे हे प्रतीकात्मक कृत्य नव्हते. पश्चिम युरोपकडे जाणारा युगोस्लाव्हियाचा मुख्य रस्ता याच नाक्यांवरून जात होता आणि तिथे जमा होणारे सीमाशुल्क हा संघराज्याच्या तिजोरीचा मोठा आधार होता. पंतप्रधान आंते मार्कोविच हे सुधारणावादी, क्रोएशियातून आलेले आणि पाश्चात्त्य राजधान्यांत मान असलेले गृहस्थ होते. त्यांच्या सरकारने २५ जूनच्या रात्री नाक्यांवरचा ताबा परत मिळवण्याचा निर्णय घेतला आणि त्यासाठी संघराज्याच्या पोलिसांना व सीमाशुल्क अधिकाऱ्यांना लष्कराचे साहाय्य द्यावे असे ठरवले. लष्कराने याचा अर्थ काय लावावा, किती बळ वापरावे, यावर नंतर बराच वाद झाला. सरसेनापतीची भूमिका ज्या अध्यक्षमंडळाने बजावायची, ते त्या वेळी जवळजवळ बंद पडलेले होते, कारण १५ मेपासून क्रोएशियाचे स्त्येपान मेसिच यांची प्रमुखपदाची पाळी सर्बियाच्या गटाने अडवून धरली होती. ज्या राज्याच्या नावाने रणगाडे निघाले, त्याला त्या आठवड्यात प्रमुखच नव्हता.

मोहिमेचा आराखडा पाहिला की लष्कराने ही पोलिसी कारवाई समजूनच केली हे स्पष्ट होते. स्लोव्हेनियात लोकसेनेचे वीस हजारांच्या आसपास सैन्य असताना प्रत्यक्ष नाक्यांकडे दोन हजारांच्या आसपास सैनिक निघाले. सोबत सुमारे चारशे पोलीस आणि पावणेतीनशे सीमाशुल्क अधिकारी होते. लांबच लांब चिलखती ताफे पायदळाच्या संरक्षणाशिवाय, डोंगराळ मुलखातल्या अरुंद रस्त्यांवरून निघाले. बरेचसे सैनिक अठरा-एकोणीस वर्षांचे, सक्तीच्या सेवेतले, आपण कशासाठी निघालो आहोत याची नीट कल्पना नसलेले होते. बोस्नियातल्या अशाच एका तरुण सैनिकाने दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर सांगितले की ते म्हणे फुटून निघू पाहतात, आणि आम्ही म्हणे त्यांना निघू देत नाही, आणि खरे तर आम्हाला फक्त बराकीत परत जायचे आहे. लष्कराच्या कोणत्याही अहवालापेक्षा त्या मुलाने मोहिमेची स्थिती जास्त अचूक सांगितली, असे मला वाटते.

२७ जूनच्या पहाटे स्लोव्हेनियाच्या अध्यक्षमंडळाने सशस्त्र प्रतिकाराचा निर्णय घेतला. मालट्रक, बस आणि बांधकामाची यंत्रे आडवी लावून रस्ते अडवले गेले. व्ऱ्हनिका येथून निघालेले रणगाडे ब्रनिक विमानतळाकडे गेले, तर राजधानीच्या उत्तरेला त्र्झिन येथे अडथळ्याजवळ चकमक होऊन प्रादेशिक दलाचा पहिला सैनिक पडला. संध्याकाळपर्यंत बहुतेक नाके लष्कराच्या हाती आले होते. कागदावर मोहीम यशस्वी होती. अडचण अशी की नाक्यावर पोहोचलेली तुकडी तिथेच अडकली होती, मागचा रस्ता बंद होता आणि बराकींचे पाणी, वीज व दूरध्वनी तोडलेले होते. लष्कराचा दाणागोटा संपत आला होता आणि वेढा घालणारे लोक त्याच प्रदेशातले होते, घरून जेवून येणारे.

२८ जूनला युद्ध चिघळले. होल्मेत्सचा नाका स्लोव्हेन पोलिसांनी परत घेतला. तिथे शरण येऊ पाहणाऱ्या सैनिकांवर गोळ्या झाडल्या गेल्या का, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला, मात्र स्लोव्हेनियाच्या अभियोक्त्यांनी युद्धगुन्हा झाल्याचे मान्य केले नाही. नोवा गोरिका शहराजवळच्या रोझ्ना डोलिना येथे रणगाडे हस्तगत झाले आणि बोरोव्हनित्सा येथील शस्त्रागार प्रादेशिक दलाच्या हाती पडले. लष्कराने विमाने वापरली. ब्रनिक विमानतळावर दोन ऑस्ट्रियन पत्रकार मारले गेले. ल्युब्ल्याना ते झाग्रेब मार्गावर मेद्वेद्येक येथे अडथळ्यासाठी थांबवून ठेवलेल्या मालट्रकांवर हल्ला झाला आणि त्यात परदेशी चालक मेले. ही माणसे युरोपच्या दोन टोकांमध्ये माल नेत होती. वाहने अडवणाऱ्यांनीही त्यांना तिथे अडकवले होते, ही गोष्ट विजयाच्या कथेत सहसा सांगितली जात नाही.

माहितीची आघाडी स्लोव्हेनियाने फार लवकर जिंकली. ल्युब्ल्यानातील त्सांकार सभागृहात सुसज्ज पत्रकार केंद्र होते आणि माहितीमंत्री येल्को कात्सिन तिथे रोज निवेदन देत. लष्कराच्या विमानांनी दूरचित्रवाणीचे मनोरे पाडण्याचा प्रयत्न केला, पण ऑस्ट्रिया आणि इटलीची सीमा शंभर किलोमीटरच्या आत असताना बातमी कोंडणे अशक्य होते. बलाढ्य कम्युनिस्ट लष्कर विरुद्ध चिमुकले लोकशाही राष्ट्र, असे चित्र पाश्चात्त्य प्रेक्षकांपर्यंत गेले. ते साफ खोटे नव्हते, पण त्यात लोकसेनेतल्या बोस्नियन, अल्बानियन आणि मॅसिडोनियन पोरांना जागा नव्हती. (आपल्याकडे त्याच आठवड्यात, १ आणि ३ जुलैला, रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. अलिप्त चळवळीतला जुना सोबती तुटत असताना इथल्या वाचकाचे लक्ष दुसरीकडे असणे समजण्यासारखे आहे.)

निर्णायक दिवस २ जुलै हा होता. क्रोएशियाच्या हद्दीजवळ क्राकोव्स्की गोझ्द या जंगलात दिवसेंदिवस अडकून पडलेल्या चिलखती ताफ्यावर प्रादेशिक दलाने हल्ला करून त्याला शरण आणले आणि त्याच्या सुटकेसाठी क्रोएशियातून निघालेली कुमक परतवली. इतरत्रही एकामागून एक नाके परत मिळाले. त्याच दिवशी बेलग्रेडमध्ये सैनिकांचे आईवडील सर्बियाच्या संसदेत घुसले आणि मुलांना परत आणा अशी मागणी करू लागले. लष्करप्रमुख ब्लागोये अजिच यांनी दूरचित्रवाणीवरून युद्ध शेवटापर्यंत नेण्याची भाषा केली, पण संध्याकाळी स्लोव्हेनियाने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली आणि ३ जुलैपासून लष्कर बराकींकडे परतू लागले. तोवर चार हजारांहून अधिक सैनिक कैद झाले होते किंवा स्वतःहून आले होते. कोल्शेक यांना युद्ध चालू असतानाच पदावरून हटवण्यात आले होते.

सर्बियाने हात का आखडला

लोकसेना हरली का? विमाने आणि झाग्रेब व बान्या लुका येथील राखीव दले तिने पूर्ण ताकदीने वापरली असती, तर ल्युब्ल्याना फार दिवस टिकले नसते. संरक्षणमंत्री वेल्को कादियेविच यांच्यापुढे ३० जूनच्या सुमारास तो पर्याय होता आणि तो त्यांनी मांडलाही. त्याला सर्बियाचे अध्यक्षमंडळातील प्रतिनिधी बोरिसाव योविच यांनी पाठिंबा दिला नाही. योविच हे मिलोशेविच यांचे जवळचे. स्लोव्हेनियासाठी लढण्यात सर्बियाला स्वारस्य नाही, ही भूमिका त्यांनी घेतली.

ही भूमिका अचानक जन्मलेली नव्हती. २४ जानेवारी १९९१ रोजी कुचान आणि मिलोशेविच बेलग्रेडमध्ये भेटले होते. स्लोव्हेनांना आपल्या मार्गाने जाण्याचा हक्क आहे आणि सर्बांना एका राज्यात राहण्याचा हक्क आहे, अशा अर्थाचे निवेदन त्यानंतर निघाले. त्यातले दुसरे वाक्य क्रोएशियाला उद्देशून होते. स्लोव्हेनियाच्या लोकसंख्येत सुमारे ८८ टक्के स्लोव्हेन होते आणि सर्बांची सलग वस्ती असलेला एकही प्रदेश तिथे नव्हता. क्रोएशियात सुमारे बारा टक्के सर्ब होते आणि क्निन परिसरात त्यांनी १९९० च्या उन्हाळ्यातच बंड पुकारले होते. सर्बियाच्या नव्या नकाशात स्लोव्हेनिया बसतच नव्हता, आणि तो बाहेर गेला तर अध्यक्षमंडळातले एक विरोधी मत कमी होणार होते. ल्युब्ल्यानाच्या नेत्यांनी हे गणित ओळखले होते. त्यांनी क्रोएशियाशी परस्पर संरक्षणाच्या गोष्टी केल्या होत्या, पण जूनअखेर झाग्रेबने आपल्या बराकींना वेढा घातला नाही, आणि पुढे क्रोएशियावर पाळी आली तेव्हा स्लोव्हेनियाही स्वस्थ बसला. दोघांनाही दोष देता येतो, किंवा दोघांनाही समजून घेता येते. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, पण तेव्हाच्या झाग्रेबमधल्या माणसाला हे पटले असते असे नाही.

युरोपीय समुदायाचे त्रिकूट, म्हणजे लक्झेंबर्गचे झाक पूस, इटलीचे जियानी दे मिकेलिस आणि नेदरलँड्सचे हान्स फान देन ब्रूक, यांनी २८ जूनपासून बेलग्रेड, झाग्रेब आणि ल्युब्ल्याना अशा फेऱ्या मारल्या. पूस यांनी ही युरोपची घटका आहे असे म्हटले. त्याच्या आठवडाभर आधी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर बेलग्रेडमध्ये एकतर्फी स्वातंत्र्याला मान्यता मिळणार नाही असे बजावून गेले होते, आणि लष्करातील काहींनी त्याचा अर्थ परवानगी असा लावला असणे शक्य आहे. मेसिच १ जुलैला अखेर प्रमुखपदी बसले, तेही या त्रिकुटाच्या दबावाने.

ब्रिओनी

वाटाघाटी ७ जुलैला अ‍ॅड्रिएटिक समुद्रातील ब्रिओनी बेटांवर झाल्या. टिटोंचे उन्हाळी निवासस्थान तिथे होते आणि १९५६ च्या जुलैत नेहरू, नासेर आणि टिटो तिथेच भेटले होते. अलिप्ततेच्या इतिहासातली ही जागा युगोस्लाव्हियाच्या विसर्जनाचीही ठरली.

करारातल्या तरतुदी बारकाईने वाचण्यासारख्या आहेत. स्वातंत्र्याची पुढील अंमलबजावणी तीन महिने स्थगित झाली. लष्कर बराकींत परतणार होते, वेढे उठणार होते, कैदी सुटणार होते. सीमानाक्यांवर स्लोव्हेनियाचे पोलीस राहतील, पण ते संघराज्याच्या नियमांनुसार काम करतील. सीमाशुल्क स्लोव्हेन अधिकारी वसूल करतील, पण ते संघराज्याचेच उत्पन्न राहील आणि संयुक्त खात्यात जमा होईल. युद्ध ज्या पैशावरून पेटले तो असा सामायिक खात्यात गेला आणि नाक्यावरचा माणूस मात्र स्लोव्हेन राहिला. ल्युब्ल्यानाच्या विधानसभेत या करारावर जोरदार टीका झाली, कारण अनेकांना तो माघारीसारखा वाटला. पण ज्याच्या हाती शिक्का असतो त्याच्याच हाती सीमा असते हे कुचान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नीट समजले होते, आणि विधानसभेने मोठ्या बहुमताने करार मान्य केला.

त्यानंतर अकरा दिवसांनी, १८ जुलैला, युगोस्लाव्ह अध्यक्षमंडळाने लोकसेना स्लोव्हेनियातून तीन महिन्यांत काढून घेण्याचे ठरवले. ब्रिओनीमध्ये याचा उल्लेखही नव्हता. अध्यक्षमंडळात स्लोव्हेनियाचे प्रतिनिधी यानेझ द्रनोव्शेक होते आणि बेलग्रेडमधल्या सर्व गटांशी बोलणे चालू ठेवण्याचे त्यांचे कौशल्य इथे कामी आले. मूळ इच्छा मात्र सर्बियाचीच होती. स्थगितीची मुदत संपताच, ८ ऑक्टोबरला, स्लोव्हेनियाने स्वतःचे 'तोलार' हे चलन सुरू केले. लोकसेनेचा शेवटचा सैनिक २५ आणि २६ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री कोपर बंदरातून जहाजाने निघाला. निघालेल्या तुकड्यांची बरीच सामग्री सर्बिया आणि बोस्नियाकडे गेली. क्रोएशियातले व्हुकोवार शहर तेव्हा लोकसेनेच्या वेढ्यात होते, ते १८ नोव्हेंबरला पडले.

मान्यता हळूहळू आली. युरोपीय समुदायाने १५ जानेवारी १९९२ रोजी मान्यता दिली, अमेरिकेने एप्रिलमध्ये दिली आणि २२ मे रोजी क्रोएशिया व बोस्नियासोबत स्लोव्हेनिया संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. १ मे २००४ रोजी तो युरोपीय संघात गेला आणि २००७ मध्ये तोलार जाऊन युरो आला.

पुसलेले रहिवासी

या प्रकरणातला एक भाग युद्धाच्या वर्णनांत सहसा येत नाही, पण बहुवांशिक संघराज्य फुटण्याचा तो थेट परिणाम आहे. स्लोव्हेनियात अन्य प्रजासत्ताकांतून आलेले कामगार, त्यांची मुले, लष्करी अधिकारी आणि त्यांची कुटुंबे मोठ्या संख्येने राहत होती. सार्वमतापूर्वी, डिसेंबर १९९० मध्ये, विधानसभेने अशा कायम रहिवाशांना इच्छा असल्यास नागरिकत्व मिळेल असे आश्वासन दिले होते. जून १९९१ च्या नागरिकत्व कायद्याने त्यासाठी अर्ज करायला सहा महिने दिले आणि सुमारे १,७०,००० जणांना नागरिकत्व मिळालेही.

ज्यांनी अर्ज केला नाही किंवा ज्यांचा अर्ज नाकारला गेला, त्यांची नावे २६ फेब्रुवारी १९९२ रोजी कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आली. कोणालाही पत्र गेले नाही. एखादी व्यक्ती वाहन परवाना किंवा ओळखपत्र नव्याने करून घ्यायला खिडकीवर जाई आणि तिथला कारकून जुनी कागदपत्रे मागून घेऊन त्यांना भोक पाडून परत देई. त्या क्षणी तिला कळे की आपण आता बेकायदा परदेशी आहोत. नोकरी, निवृत्तिवेतन, दवाखाना आणि घरभाडे करार या सगळ्यालाच त्यानंतर अडचण येई. काहींना देशाबाहेर काढले गेले, तेही शेजारी युद्ध चालू असताना. अशा लोकांची संख्या २५,६७१ होती, म्हणजे वीस लाखांच्या देशात सव्वा टक्क्याहून जास्त.

ज्या राज्याने बळाचा इतका मोजका वापर करून स्वातंत्र्य मिळवले, त्यानेच हे कारकुनी पद्धतीने, आवाज न करता केले. काहीजण त्याला युद्धकाळातील संशयाची प्रतिक्रिया म्हणतात. मला ते पटत नाही, कारण नोंदी पुसल्या त्या वेळी लष्कर जाऊन चार महिने झाले होते आणि मान्यताही मिळालेली होती. स्लोव्हेनियाच्या घटनात्मक न्यायालयाने १९९९ मध्ये ही कृती बेकायदा ठरवली, तरी सरकारे दुरुस्ती टाळत राहिली, आणि २००४ मधल्या एका सार्वमतात मतदारांनी दुरुस्तीचा एक कायदा प्रचंड बहुमताने फेटाळला. २६ जून २०१२ रोजी स्ट्रासबूर्गच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने स्लोव्हेनियाविरुद्ध निकाल देऊन वर्षभरात भरपाईची योजना आखण्यास सांगितले. त्यानुसार झालेल्या कायद्याने नोंदवहीबाहेर काढलेल्या प्रत्येक महिन्यामागे ५० युरो देण्याचे ठरले.